लाभपासून मोजलेला लंबक

धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, ही आपल्याकडची रीत. पण आमच्या अशोकने ती थेट अकरावीच्या प्रॅक्टिकलला लावली. स्टॉपवॉच माझ्याकडे, आणि लंबकाचे झोके तो मोजणार. गोळा सोडता सोडताच हा म्हणाला, "लाभ." पहिला झोका पुरा होऊन आला, तर म्हणे, "दोन." असे वीस मोजले तेव्हा झोके झालेले एकोणीसच. गुरुत्वाकर्षणाचं उत्तर आलं अकराच्या जवळ.

सरांनी विचारलं, "म्हसावदला पृथ्वी जरा जास्तच ओढते का रे?"

अशोकने सरळ स्टॉपवॉचवरच्या माझ्या अंगठ्याकडे बोट दाखवलं. "सर, याना अंगठा उशिरा दबना."

"अंगठा एवढा झोपत नाही. गोळा सोडताना शून्य म्हणायचं, आणि झोका पुरा झाला की मग तुझा लाभ."

सर कधीच रिटायर झाले. परवा अशोककडे गहू न्यायला आले होते, मीही तिथंच बसलेलो. अशोकने पहिली पायली पोत्यात ओतली आणि म्हणाला, "शून्य." दुसरी ओतली, "लाभ."

सर म्हणाले, "अरे, एक पायली जास्त गेली."

अशोकने पुन्हा माझ्याकडे बोट दाखवलं.

"याना अंगठा उशिरा दबना, सर."