ढोल्यांची हजेरी

ऐका. शेकोटीत एक लाकूड सारा आणि ऐका. म्हसोबाची शपथ, गोष्ट अगदी खरी आहे, या दोन डोळ्यांनी पाहिलेली. म्हणजे, मी तिथं नव्हतो. पण पाहिलेली आहे! हसू नका रे. उद्या तुम्ही ऑफिसची मंडळी मिळून माथेरानला निघालात म्हणून सांगतो, नाहीतर मला काय पडलंय.

डिसेंबर महिना. हजेरीला अंगठ्याचं मशीन यायच्या आधीचा काळ. मोजणी ऑफिसातले पाच जण शनिवार-रविवार जोडून माथेरानला गेले. कुठलं ऑफिस ते विचारू नका. हेडक्लार्क कुलथे नाना, लाडके, खुटवड, ढोले आणि फडतरे. काय म्हणालास? फडतरे म्हणजे मीच? अरे, जगात एकच फडतरे आहे का? दुसरा तो. गप ऐक.

तर हा फडतरे नकलांत पटाईत. कोणाचाही आवाज हुबेहूब काढायचा. आणि ढोले म्हणजे शांत माणूस. जाड भिंगांचा चष्मा, घरी आई अंथरुणाला खिळलेली. तिचं सगळं आवरून निघायचे, आठवड्यातून दोनदा तरी एसटी चुकायची. इकडं नाना मस्टरमध्ये मान घालून नावं पुकारायचे. "ढोले?" म्हटलं की फडतरे कपाटामागून आधी ढोल्यांसारखं बारीक खोकायचा, मग ढोल्यांच्याच आवाजात, "हजर, नाना." झालं! चार वर्षं असं चाललं. दुपारी ढोले डबा पुढं करायचे. "घ्या फडतरे. तुमचे उपकार कसे फेडू?"

त्या संध्याकाळी सगळे सूर्य बुडताना बघायला पॉइंटावर गेले. बघता बघता उशीर झाला. माथेरानात गाडी नाही, घोडेवाले घरी गेलेले. लाल मातीची वाट, दोन्हीकडं दाट झाडी, अंधार मिट्ट. थंडी अशी की दातावर दात वाजतायत. नानांच्या हातात हॉटेलवाल्याचा कंदील. फडतऱ्याकडं बॅटरी होती, पण ती हा शहाणा पॉइंटाच्या कठड्यावर विसरून आलेला!

"गेली सासऱ्याची बॅटरी," फडतरे पुटपुटला. "आता बायको घरात घेत नाही."

शेजारी ढोले होते. ते हळूच म्हणाले, "चला तुम्ही सावकाश. मी घेऊन येतो. तुमचं एवढं तरी काम करू द्या."

आणि वळले. अंधारात! पुढच्या तिघांना पत्ता नाही.

थोडं पुढं वाटेला फाटा फुटला. नानांनी कंदील वर धरला. "थांबा. हजेरी घेतो." सवय हो, दुसरं काय!

"लाडके?"

"हजर."

"खुटवड?"

"हजर. पोटातले कावळेपण हजर."

"फडतरे?"

"हजर."

"ढोले?"

आणि ऐका! झाडीतून खोकला आला. बारीक. अगदी बारीक. आणि मग आवाज. "हजर, नाना."

ढोले तर मागं पॉइंटाकडं! मग ओ दिली कोणी? चकवा, बाबांनो, चकवा! माणसाला वाट चुकवतो ना, तो. आवाजही चोरतो मेला. फडतऱ्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. तो खुटवडला चिकटून उभा राहिला. नाना म्हणाले, "चला, पाचही आहेत," आणि निघाले.

हॉटेलात पाच ताटं मांडलेली. वाफाळतं पिठलं, गरम भाकरी. पाचवं ताट रिकामं.

"ढोले कुठायत?" नानांनी विचारलं.

"हात धूत असतील," खुटवड भाकरी मोडत म्हणाला.

नानांनी हाक मारली, "ओ ढोले!"

दाराबाहेरून, पार उंबऱ्याशी, "हजर, नाना."

लाडक्यानं दार उघडलं. चिटपाखरू नाही! मग फडतऱ्याला धीर धरवेना. कंदील उचलला आणि पळत सुटला. एकटा. वाटेत वाकडी जांभळ लागली. पुढं गेला, पुन्हा तीच जांभळ. आणखी पुढं गेला, पुन्हा तीच! डावीकडून ढोल्यांचा आवाज आला, "इकडं या फडतरे, सरळ वाट आहे." यानं पाय टाकला. पायाखालचे दगड घरंगळत दरीत गेले, खालपर्यंत पोचल्याचा आवाजसुद्धा नाही. मग नानांच्या आवाजात पुकारा. "फडतरे?" ओ दिली की संपला! त्यानं मफलर दातात धरला. पुन्हा पुकारा, अगदी कानाशी, आणि या वेळी कोणाच्या आवाजात? त्याच्या स्वतःच्या!

तेवढ्यात टक्. टक्. टक्. लोखंडावर काहीतरी आपटत होतं. धावला. दरीच्या काठाला कठडा, कठड्याच्या पलीकडं ढोले. चष्मा नाही. एका हातात न पेटणारी बॅटरी, तीच आपटत होते. पुढं एक पाऊल टाकलं असतं तर खाली हजार फूट! फडतऱ्यानं स्वेटरला धरून ओढलं, म्हणून वाचले. तेव्हा अंधार पडल्यावर त्या वाटेला जाऊ नका. कधीच जाऊ नका. संपली गोष्ट. झोपा आता.

थांबा जरा. उद्या जाताय तुम्ही, म्हणून सांगतो. फडतरे मीच. दुसरा कोणी नव्हता.

दाराबाहेरचा आवाज मी घातलाय. जांभळ एकदाच लागली, ती वाकडीही नव्हती. मला कोणी पुकारलं नाही. ढोल्यांच्या नावाचा खोकला मात्र खरा, पण तो झाडीतून नव्हता आला. माझ्या घशातून आला. थंडी होती. ढोले नाहीत म्हटलं की नाना सगळ्यांना माघारी फिरवणार, बॅटरी माझी म्हणून बोलणी मला बसणार. येतील मागून, म्हटलं. आणि तोंडातून निघून गेलं, रोज निघायचं तसं. मग अर्धी भाकरी खाऊन होईपर्यंत मी गप्प बसलो. पिठलं दुसऱ्यांदा वाढून घेतलं. हे आजवर कोणाला सांगितलं नाही.

कठड्याशी त्यांना धरलं तेव्हा त्यांनी माझी बाही पकडली. म्हणाले, "मी बॅटरी घेऊन मागच्या वळणापर्यंत आलो होतो. नानांनी पुकारलेलं ऐकू आलं मला. ओ देणारच होतो, फडतरे. तेवढ्यात दिली कोणीतरी." मग कंदील लांब गेला, बॅटरी पेटेना, ठेचकाळून चष्मा पडला आणि चाचपडत ते कठड्यापलीकडं गेले. कोणी दिली ते त्यांनी विचारलं नाही. बॅटरी तेवढी माझ्या हातात ठेवली.

पुढं ते कधी उशिरा आले नाहीत. पहाटेची एसटी धरायचे. नानांनी नाव घेतलं की उभे राहून स्वतः ओ द्यायचे, माझ्याकडं न बघता.

तर चकवा खोटा. पण तो काही माझा नाही. त्या रात्री हॉटेलात नानांनी विचारलं, "मग हजर म्हणालं तरी कोण?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात ढोलेच म्हणाले, "चकवा होता, नाना." भूत त्यांनी घातलं. मी नुसतं बावीस वर्षं त्याच्यामागं लपून बसलोय.