मिरोला टाकलेले उंच चेंडू

सन्माननीय अध्यक्ष सेन्योर आर्लिंदो, व्यासपीठावरील डॉक्टर तेल्मा आणि पाहुणे मंडळी, मिरोच्या पत्नी इवोनी वहिनी, आणि पेद्रा मान्सा फुटबॉल क्लबवर जीव लावणाऱ्या माझ्या गावकऱ्यांनो,

वहिनींच्या परवानगीने आधी बातमी सांगतो. मिरो शनिवारी गाव सोडतोय. मुलीकडे, गोयानिया शहरात, कायमचा. त्याची स्मृती आता परतणार नाही, असं डॉक्टर तेल्मांनी काल तपासण्या पाहून निश्चित सांगितलं. तो पहिल्या रांगेत बसलाय. मघाशी मला विचारत होता, "तुम्ही कुठल्या पेपरचे?" म्हटलं, "अरे, मी जुरांदिर." "असाल. पण मुलाखत आटपा, मला सरावाला जायचंय."

एकोणिसाव्या वर्षी ऊसतोड सोडून हा इथे आला. सतरा हंगाम, दोनशे अकरा गोल. त्यातले एकशे बत्तीस डोक्याने. आणि ते कोणाच्या चेंडूंवर? उजवीकडून पळत येऊन उंच चेंडू टाकणारा मी होतो, हे सांगायला मला फार आवडायचं. लिस्बनच्या क्लबकडून खेळायला गेला, तो आठ महिन्यांत परत. पत्रकारांनी कारण विचारलं, तर म्हणाला, "तिकडे चेंडू येईपर्यंत माझी दाढी वाढते."

सराव संपला की आम्ही दोघं मागे राहायचो. रोजचे शंभर चेंडू. आमचं सामान सांभाळणारा नोनातो कुंपणापाशी ओरडायचा, "मेल्यांनो, मला बायकामुलं आहेत!"

"मग त्यांनाही बोलाव, चेंडू आणून देतील," असं म्हणून मिरो माझ्याकडे वळायचा. "जुरा, अजून एक!"

मी कधी नाही म्हटलं? एकदाही नाही.

आता तुम्ही ज्या किश्शाची वाट पाहताय, तो. उपांत्य सामना, धो धो पाऊस, चेंडू पाणी पिऊन दगड झालेला. मिरोने डोक्याने गोल मारला आणि चिखलात आडवा झाला. उठून मला म्हणाला, "जुरा, स्कोअर काय?" सांगितला. दोन मिनिटांनी पुन्हा, "जुरा, स्कोअर काय?" मी ओरडलो, "गोल तूच मारलास, गाढवा!" सगळा संघ हसला. पुढचा चेंडू मी पुन्हा त्याच्या डोक्यावरच टाकला.

तीस वर्षं हा किस्सा मी लग्नांत सांगितला, मांस भाजता भाजता सांगितला, याच सभागृहात सांगितला. तुम्ही दर वेळी हसलात. वहिनी कधीच हसल्या नाहीत. मला वाटायचं, बाईंना विनोद कळत नाही.

काल मी डॉक्टरांना विचारलं, "माझ्या चेंडूंमुळे?" त्या म्हणाल्या, "एकट्या तुमच्या नाही." फार दयाळू आहेत त्या.

असो. क्लबने हा समारंभ घडवून आणला, तुम्ही कामं टाकून आलात, मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर तुम्ही पोटात घालालच. वहिनी, तुमच्याकडे मात्र मी खरीच क्षमा मागतोय. द्यायची की नाही, ते तुम्ही ठरवा.

कॉफी झाली की आपण सगळे मैदानावर जाणार आहोत. मिरो गोलसमोर उभा राहील आणि उंच चेंडू मागेल. मी जमिनीवरून देणार आहे, अगदी हळू. तो भडकेल. म्हणेल, या माणसाला खेळता येत नाही, जुराला बोलवा.