गोठ्यातले दगड

विश्वास कोणावर ठेवावा, सांग बरं, परक्यावर की घरच्यावर? आखातात द पर्ल हे कृत्रिम बेट व्हायच्या आधीची गोष्ट. मी गावी गेलो असताना अल मन्सूरा वस्तीतलं, मेव्हण्यावर सोपवलेलं माझं दुकान जळालं. मेव्हणा फोनवर रडला, "दाजी, खलास! काही उरलं नाही."

पुढे माझं जुनं गिऱ्हाईक, मेसईदच्या कारखान्यातला फ्रेंच इंजिनियर, फ्रान्समधल्या त्याच्या गावातल्या मध्ययुगीन मठाबद्दल सांगत होता.

"शत्रूने पाडला?" मी विचारलं.

"शत्रूने छप्पर जाळलं. दगड गावानेच नेले. आमच्याही गोठ्यात आहेत."

मी खो खो हसलो.

तो म्हणाला, "तुमच्या मेव्हण्याने मेसईदला दुकान काढलंय ना? तुमच्या जळालेल्या दुकानातला पितळी तराजू तिथे छान दिसतो."

मित्रा, हिशेब प्रामाणिकपणे लिही. आगीने नेलं तेवढंच आगीच्या नावावर मांड.