सोळा पावलं

ठोक्या : पुन्हा लावू?

मुलगी : नको. तीन वेळा ऐकलं. तुझंच चुकलंय. माझ्या चित्रातला म्हातारा पाऊल टाकतो आणि तुझा आवाज मागून येतो, तोही घासत.

ठोक्या : डायरेक्टरबाई, बारा वर्षं मी लोकांच्या सिनेमांसाठी दारं आपटतोय, वाळूत चालतोय, कोबीचे गड्डे मोडून हाडं मोडल्याचे आवाज काढतोय. उगाच नाही सगळे मला ठोक्या म्हणत. पण या शॉटमध्ये मी काही केलेलंच नाही. हा आवाज तुझ्या बाबांचा आहे. शुक्रवारी तू त्यांना बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये चालवलंस, मी जमिनीला माइक लावून बसलो होतो. जे वाजलं ते हे.

मुलगी : मग माझी चित्रं चुकलीत.

ठोक्या : ती तर तू त्यांच्या व्हिडिओवरूनच काढतेस.

मुलगी : एकेक बघून. सेकंदाला बारा. तीन वर्षं हेच करतेय, म्हाताऱ्याची टाच कुठे टेकते ते मला झोपेतून उठवून विचार. पण या शेवटच्या शॉटला हात घातला आणि सगळं बिघडलं. दोनदा पुसून पुन्हा काढला. म्हातारा जिवंतच वाटत नाही. अकरा दिवसांत महोत्सवाला फिल्म पाठवायचीय आणि मला चालता येईनासं झालंय. म्हणजे, चाल काढता.

ठोक्या : पहिला शॉट लाव बरं.

मुलगी : तो तीन वर्षांपूर्वीचा. त्याचं काय?

ठोक्या : तेव्हाही बाबाच चालले होते. इथेच, हेच बूट घालून. दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी लाव. आवाज दोन्हींचे आहेत माझ्याकडे.

मुलगी : लावले. डावीकडे जुना, उजवीकडे शुक्रवारचा.

ठोक्या : आता डोळे मिट. हा जुना. टक्, टक्, टक्. घड्याळ लावून घ्यावं. आता हा.

मुलगी : टक्… सर्र.

ठोक्या : टक्, सर्र. टक्, सर्र. डावा पाय उचलला जात नाहीये. ओढला जातोय.

मुलगी : दमले असतील. सात वेळा चालवलं मी त्यांना.

ठोक्या : हा पहिल्याच वेळचा आहे.

मुलगी : मला वाटलं, बाबा अभिनय करतायत. म्हातारा करून दाखवतायत. सोळा पावलं हवी होती, तेवीस आली. मी हसले. म्हटलं, "बाबा, एवढा म्हातारा नको, नीट चाला."

ठोक्या : डोळे उघड. आता आवाज सोड, हात बघ.

मुलगी : उजवा जातो-येतो. डावा… डाव्यात पिशवी धरली होती ना त्यांनी, म्हणून तो—

ठोक्या : पिशवी उजव्यात आहे. ती झुलतेय. डावा रिकामा आहे.

मुलगी : अरे, मी हा हात काढलाय. दोनशे चित्रं काढली मी याची. दोनशेच्या दोनशे चित्रांत मांडीला चिकटलेला. आणि स्वतःवरच चिडत होते, की बाई, तू कंटाळा करतेयस, हात हलवायला विसरतेयस. बाबांकडे बघायचं मला सुचलं नाही!

ठोक्या : वयानेही होतं गं. माझ्या आईचं—

मुलगी : माझे थोरले काका. बाबांचे सख्खे भाऊ. त्यांचा आधी डावा हातच गप्प झाला होता. आम्ही पोरं चिडवायचो, काकांच्या खिशाला भोक पडलंय म्हणून ते हात दाबून चालतात. मग पाय गेला. मग चेहरा. शेवटी शेवटी आनंद झाला तरी चेहऱ्यावर काही उमटायचं नाही. कंपवात.

ठोक्या : पण बाबांचा हात कुठे थरथरतोय?

मुलगी : काकांचाही थरथरत नव्हता. आधी हलायचा थांबला. थरथरला नंतर. खरंच सांगते, भीती वाटतेय.

ठोक्या : त्यांना माहीत असेल?

मुलगी : असतं तर बोलले असते. आणि आज चारला मी त्यांना बोलावलंय.

ठोक्या : कशाला?

मुलगी : आठव्यांदा चालायला. फोनवर म्हणाले मी, "आणि चेहरा तेवढा दगडासारखा ठेवू नका." दगडासारखा म्हणाले रे मी!

ठोक्या : शू.

मुलगी : काय?

ठोक्या : जिन्यावर.

मुलगी : दुसरं कुणी असेल. चारला अजून वेळ आहे.

ठोक्या : मला देवाने कान तेवढे बरे दिलेत. टक्, सर्र. तेच आहेत. मी थांबू की जाऊ?

मुलगी : थांब. नको, जा. स्क्रीन बंद कर आधी. राहू दे, नको. अरे, काय करू मी?

ठोक्या : मी खालीच आहे. हाक मार, दोन ढांगांत वर येतो.

(ठोक्या खाली जातो. पावलं वर येतात आणि दारात थांबतात. एक हात चौकटीवर.)

बाबा : तुझा ठोक्या माझी नजर चुकवून खाली पळाला. काय बिनसलं?

मुलगी : काही नाही. बसा ना, बाबा.

बाबा : बसायला नाही, चालायला आलोय. खडूची खूण आहे ना अजून? तिथूनच सुरू?

मुलगी : आज नको.

बाबा : सकाळी तर जीव चालला होता तुझा.

मुलगी : मी जुन्याच व्हिडिओवरून काढेन. पहिल्या शॉटचाच आरसा करते, डावं उजवीकडे. भागेल.

बाबा : भागत होतं तर मला सात वेळा का पिदडलंस?

मुलगी : चुकलं माझं.

बाबा : अगं, रडतेयस की काय?

मुलगी : नाही. स्क्रीनमुळे डोळे चुरचुरतात.

बाबा : छत्तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या मी. हद्दीवर दोन भाऊ उभे असले, की त्यातला खोटं बोलणारा कोण, हे साखळी उलगडायच्या आधी कळायचं मला. काय दिसलं तुला त्या स्क्रीनवर?

मुलगी : तुमचा हात.

बाबा : डावा.

मुलगी : तुम्हाला माहीत आहे?

बाबा : पाऊलही दिसलं असेल मग.

मुलगी : बाबा, तुम्हाला माहीत होतं!

बाबा : माझं पाऊल अडीच फुटांचं. नोकरीभर त्यात बोटभर फरक पडला नाही. साहेब म्हणायचे, साखळी राहू द्या, याला चालवा. तुला लहानपणी हे मीच सांगितलं आणि त्यावरून तू ही फिल्म रचलीस. म्हातारा दारातून निघतो, सोळा पावलांवर फाटक. सगळं जग मोजून परत येतो, फाटकापासून पुन्हा मोजतो, सोळा भरतात, तेव्हा त्याला पटतं की हे आपलंच घर. बरोबर?

मुलगी : बरोबर.

बाबा : मग त्या माणसाला स्वतःचं पाऊल आखूड झालेलं कळणार नाही? पलंगापासून बाथरूमपर्यंत माझी चार पावलं व्हायची. गेल्या वर्षी पाच झाली. मला वाटलं, पलंग सरकला. टेप आणून मोजलं. पलंग जागेवर होता. आता सहा होतात.

मुलगी : वर्षभर! आणि एका शब्दाने बोलला नाहीत?

बाबा : कुणाला बोलू? तुझी आई असती तर तिला सांगावंच लागलं नसतं. तू इथे सकाळी येतेस ती मान मोडून बसतेस. सगळ्या फिल्मची साडेपाच हजारांवर चित्रं, आणि काढणारी एकटी. त्यात माझं एक पाऊल कशाला घालू?

मुलगी : ही काय कारणं झाली?

बाबा : नाही झाली. मी घाबरलो. हे खरं कारण. दादाला मी चार वर्षं भरवलं. शेवटी त्याला सांगावं लागायचं, "दादा, आता गीळ." तोंडात घास घेऊन माझ्याकडे बघत बसायचा. या वाटेवर पुढे काय काय लागतं, ते मला पाठ आहे. म्हणून पुढे जायचंच नव्हतं.

मुलगी : डॉक्टरकडे जाऊ या.

बाबा : तो नाव सांगेल.

मुलगी : सांगू दे.

बाबा : अजून नुसता एक हात आहे गं. नाव सांगितलं की रोग झाला. जमिनीचंही तसंच असतं. खुंटी ठोकेपर्यंत हद्द तोंडी असते, जरा इकडे, जरा तिकडे, भांडून मागे ढकलता येते. एकदा खुंटी ठोकली की संपलं.

मुलगी : काकांचीही हद्द दोन वर्षं तोंडीच ठेवली होती. डॉक्टर काय म्हणाले होते तेव्हा?

बाबा : आधी का नाही आणलंत.

मुलगी : कुणाला म्हणाले?

बाबा : मला.

मुलगी : मग?

बाबा : मग काय. आवाज चढवू नकोस. कळतंय मला.

मुलगी : मी चिडले नाहीये. मला धडकी भरलीय, म्हणून आवाज असा येतोय. बाबा, हे सगळं माहीत असताना शुक्रवारी आलात कशाला? नाही म्हणायचं.

बाबा : तू बोलावलंस. आणि वाटलं, भरतील सोळा. तुझ्या कॅमेऱ्यापुढे एकदा तरी भरतील. ढांग लांब टाकत होतो. पाचव्या वेळी वीसवर आणली होती. सहाव्या वेळी अडखळलो, तेव्हा तू कट म्हणालीस.

मुलगी : आणि वर म्हणाले, "बाबा, लक्ष कुठे आहे तुमचं?"

बाबा : पायात होतं. सगळं लक्ष पायातच होतं.

मुलगी : फिल्म गेली खड्ड्यात. नाही पाठवत मी.

बाबा : गप्प बस. तीन वर्षं घालवलीस आणि आता शेवटच्या कॉरिडॉरमध्ये बसकण मारतेस?

मुलगी : मग जुन्यावरून काढते. सोळाच्या सोळा भरतील, कुणाला कळणारही नाही.

बाबा : मला कळेल. खोट्या मोजणीवर मी कधी सही केलेली नाही.

मुलगी : अहो, पण मग शेवटच मोडतो! म्हातारा परत येणार आणि सोळा भरणारच नाहीत. सोळाव्या पावलाला दारच नसणार. त्याला वाटेल, आपण भलत्याच ठिकाणी आलो. उभा राहील तिथेच, घाबरून.

बाबा : राहील थोडा वेळ.

मुलगी : आणि मग?

बाबा : मग पुढे चालेल. दार काही हललेलं नाही, मी टेपने बघितलंय. जास्त पावलं टाकावी लागतील इतकंच.

मुलगी : बाबा…

बाबा : आता पुन्हा स्क्रीनमुळे चुरचुरतायत?

मुलगी : नाही. रडतेय. दवाखाना साडेचारला उघडतो. आत्ताच जाऊ.

बाबा : आज?

मुलगी : आज. उद्या तुम्हाला दुसरं कारण सुचेल, आणि मलाही सुचेल. माझाही धीर उद्यापर्यंत टिकायचा नाही. हे बघा, हात बघा माझे.

बाबा : हो की. तुझाच थरथरतोय. माझा बघ, कसा शहाण्यासारखा गप्प आहे.

मुलगी : बाबा, थट्टा नका करू!

बाबा : मग काय करू? त्या खुर्चीत बसवून डॉक्टर हाताची बोटं मिटा, उघडा म्हणेल. दादाला म्हणायचा. मला उघडताच आली नाहीत तर?

मुलगी : मी असेन ना शेजारी.

बाबा : मीही होतो दादाच्या शेजारी.

मुलगी : म्हणून तर म्हणते. तुम्ही होतात.

बाबा : चल. दार ओढून घे. हात नको धरू माझा. डाव्या बाजूने चाल फक्त.

मुलगी : ठोक्याला हाक मारू?

बाबा : कशाला? खालून ऐकतच असेल तो. हळू चाल जरा. तू धावतेस.

मुलगी : हळूच चालतेय.

बाबा : आणि मनातल्या मनात मोजतेयस.

मुलगी : नाही.

बाबा : ओठ हलतायत तुझे.

मुलगी : बघा पुढे, बाबा. सांभाळा— लागलं का?

बाबा : नाही. धरू नकोस म्हटलं ना. चालतोय मी… हं. जिना आला. किती भरली?

मुलगी : तेवीस.

बाबा : चोवीस.

मुलगी : तेवीसच. नीट मोजलीत मी.

बाबा : मध्ये अडखळलो, ते धरलं नाहीस.

मुलगी : ते धरायचं?

बाबा : धरायचं. चित्रातही घे.