वाढत्या अंगाचा स्कर्ट

...आणि वर सूनबाई म्हणते काय, 'असू द्या हो आई, सैलच बरा असतो!' सैल? अहो, तिने आणलेल्या त्या कुडत्यात मी, माझी पिशवी आणि शेजारच्या आगाशेबाई अशा तिघी मावलो असतो! पण तुम्हाला सांगते, मला राग कुडत्याचा नाही आला, वाक्याचा आला. बारा वर्षांची असल्यापासून ऐकतेय मी हे. फक्त तेव्हा ते माझी आई म्हणायची, आणि असं म्हणायची, 'असू दे. वाढत्या अंगाचं आहे.'

वाढत्या अंगाचं! कुणाच्या? माझ्या? मी सुनीती, शनिवार पेठेतली, चौऱ्याहत्तर साली सातवीत गेले तेव्हा उंची चार फूट तीन इंच, आणि शाळेचा निळा स्कर्ट आईने असा शिवून घेतलेला की पोटऱ्या झाकून वर उरायचा, आत चार बोटं दुमड, कंबरेला दोन पिना. शिंपी बिचारा घाबरत विचारायचा, की वहिनी, मुलगी नक्की केवढी होणार आहे? आई म्हणायची, 'ते तुम्हाला कशाला? तुम्ही दुमड ठेवा.'

बरं, मी वाढले नाही ते नाहीच. वाढली कोण? सलीमा! माझी मैत्रीण. कसब्यात तिच्या अब्बांचं कुलपं दुरुस्तीचं दुकान होतं. पहिलीपासून आम्ही एका बाकावर, डबा एक, रबर एक, आणि उंचीसुद्धा एक, हे महत्त्वाचं, कारण आमच्या नारायण पेठेतल्या शाळेत बाक मिळायचा तो उंचीवर! जूनच्या पहिल्या सोमवारी पटांगणात उंचीप्रमाणे रांग, मग राष्ट्रगीत, मग त्याच क्रमाने वर्गात, आणि तोच बाक वर्षभर. सहा वर्षं आम्हाला काही अडचण आली नाही. आणि ही बाई मे महिन्यात आजोळी साताऱ्याला गेली आणि पाच इंच वाढून आली! मी म्हटलं, 'अगं, एवढी कशी गं वाढलीस?' तर रडायला लागली. म्हणाली, 'मी काही केलं नाही.'

आता तुम्ही म्हणाल, एका बाकाचं काय एवढं? एवढंच! शेवटच्या बाकावर होती मंदाकिनी. उंच, घड्याळ घालणारी, आणि पुढच्या बाकांवरच्या मुलींना 'बालवाडी' म्हणणारी. सलीमा मागे गेली की महिन्याभरात मंदाकिनीची होणार आणि मी बालवाडीत राहणार, हे मला लख्ख दिसत होतं. रात्रभर रडले मी, खोटं कशाला सांगू?

पण सकाळी उठले आणि स्कर्ट बघितला... आणि सुचलं! सलीमाचा स्कर्ट गेल्या वर्षीचा, तो आता तिच्या गुडघ्यांच्या वर. गुडघे वाकवले तर जगाला दिसणार. पण माझा? त्याच्याखाली तिने काय हवं ते वाकवावं! शाळेच्या मोरीत आम्ही स्कर्ट बदलले. आणि गंमत सांगू? तिचा स्कर्ट मला नेमका बसला. आयुष्यात पहिल्यांदा मापाचे कपडे घातले मी!

पटांगणात पी.टी.च्या प्रेमला बाई हातात पट्टी घेऊन डोक्यांवरून नजर फिरवत आल्या. सलीमा माझ्या शेजारी, स्कर्टच्या आत खुर्चीवर बसल्यासारखी, वर चेहरा शांत. बाई थांबल्या, पुढे गेल्या. रांग ठरली! पहिली मी, दुसरी सलीमा! मी मंदाकिनीकडे वळून हसलेसुद्धा. अहो, जिंकलो होतो आम्ही!

आणि राष्ट्रगीत सुरू झालं.

त्याचा आम्ही विचारच केला नव्हता. सलीमाच्या अब्बांची शिस्त होती, राष्ट्रगीताला काठीसारखं ताठ उभं राहायचं, घरात रेडिओवर लागलं तरी. मी ओठ न हलवता कुजबुजले, 'सलीमा, वाकलेली राहा.' ती तशीच कुजबुजली, 'राष्ट्रगीत आहे.'

आणि ती वाढायला लागली! हळूहळू... माझ्या डोक्याबरोबर होती ती डोक्यावर, डोक्यावरून आणखी वर... आणि हलायचं कुणी? बाईसुद्धा सावधानमध्ये! अख्खी शाळा जागच्या जागी उभी राहून ती मुलगी उगवताना बघतेय. बावन्न सेकंद! तुम्ही कधी बावन्न सेकंद मोजलेत? मी मोजलेत.

'जय हे' संपलं. बाई आल्या, वर बघितलं, खाली बघितलं आणि म्हणाल्या, 'राष्ट्रगीतात वाढायची परवानगी कुणाकडून घेतलीत?'

मी म्हटलं, माझी चूक. सलीमा म्हणाली, नाही, माझी. बाई म्हणाल्या, दोघींचीही नाही, पण शेवटच्या बाकावर एक जागा मोकळी आहे. गेली ती. वर्षभर मी मान मागे वळवून बसले आणि वर्षभर वळल्याबद्दल फळ्यापाशी उभी राहिले. पण मंदाकिनीची नाही झाली हो ती! मधल्या सुट्टीत पहिल्या बाकावर येऊन बसायची, गुडघे छातीशी घेऊन. स्कर्ट मात्र तिच्याकडेच राहिला, तिला तो बरोबर बसला होता. मी तिचा घालून घरी गेले, तर आईने माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, 'आखूड झाला की गं. दुसरा घेऊ, वाढत्या अंगाचा.'

तर परवा त्या वर्गाचं संमेलन होतं, पन्नास वर्षांनी, त्यासाठी हा कुडता. फोटोवाला आला आणि तेच! 'उंच मॅडम मागे, बाकीच्या पुढे!' मी आपली पुढच्या रांगेत जाऊन उभी राहिले. तेवढ्यात सलीमा आली. काठी टेकत. दोन्ही गुडघे गेलेत तिचे, सरळ होतच नाहीत. माझ्या शेजारी उभी राहिली, खांद्याला खांदा लागला. फोटोवाल्याने आम्हाला बघितलं आणि सरळ कॅमेरा डोळ्याला लावला. मला हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, 'सरळ उभी राहा की गं.'

म्हणाली, 'आता राष्ट्रगीत लागलं तरी वाढायची नाही मी.'

मग तिने माझ्या कुडत्याची बाही चिमटीत धरली, हाताच्या बाहेर लोंबणारी, आणि माझ्याकडे बघितलं. बासष्ट वर्षांची झाले मी, आता काय सांगणार?

म्हटलं, 'असू दे. वाढत्या अंगाचं आहे.'