मागची रांग

(स्टेडियममधली, खेळाडूंची कपडे बदलायची खोली. बाहेर स्टेज उभारण्याचा आवाज.)

छोटू : म्हणजे एवढं स्टेडियम भरतंय, आणि तरी परवडत नाही? कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील, ताई.

ताई : काढू देत. इथे जसं स्टेज उभं राहतंय, तसंच दुसरं पुढच्या शहरात उभं राहतंय.

छोटू : दोन कशाला पण?

ताई : एकच असलं तर ते उतरवून, नेऊन, परत उभारेपर्यंत सगळी माणसं बसून राहतात. बसलेल्या माणसालाही पैसे द्यावे लागतातच. शिवाय ट्रक, पडदे, मैदानाचं भाडं. बहुतेक कार्यक्रम हा खड्डा बुजवण्यातच जातात. आपल्या हाताला जे लागायचं ते शेवटच्या दोन-तीन कार्यक्रमांत.

छोटू : आणि त्यातला एक माझ्या घशानं खाल्ला.

ताई : मी तसं म्हटलं नाही.

छोटू : म्हणायला कशाला हवं? तिकिटांचे पैसे परत केले, भाडं गेलं ते गेलंच. विम्याचं काय?

ताई : विमा वाऱ्या-वादळाचा होता. घशाचा हप्ता परवडत नव्हता.

छोटू : मग दोन ट्रक कमी कर. ते आगीचे फवारे काढून टाक.

ताई : ट्रकवाल्याशी करार आहे. पडदेवाल्याशी आहे, फवारेवाल्याशी आहे. वापरा नाहीतर ठेवून द्या, पैसे द्यायचेच. करार नाही तो फक्त आपल्या माणसांशी.

छोटू : म्हणजे... दाजी?

ताई : मागची सगळी रांग. ड्रम, बासरी, कोरस. त्यांचा प्रवास, खोल्या, सगळंच वाचतं. त्यांचं वाजवणं रेकॉर्डवर जाईल.

छोटू : दाजींना तरी ठेव.

ताई : माझाच नवरा तेवढा ठेवू? आणि बासरीवाल्याला तोंड कसं दाखवू?

छोटू : शाळेच्या गणवेशात गायचो तेव्हापासून ते माझ्या मागे आहेत गं. मी कधी वळून बघितलं नाही. बघावं लागलंच नाही.

ताई : मी बघत होते ना.

छोटू : त्यांना सांगितलंस?

दाजी : सांगितलं, सांगितलं. दार उघडंच आहे तुमचं, अर्धं मैदान ऐकतंय. चहा घ्या.

छोटू : दाजी, तुम्ही काहीच बोलला नाहीत?

दाजी : बोललो की. म्हटलं, घरातून काढत नाहीस ना, मग झालं.

ताई : गप रे.

दाजी : तेव्हाही हसली नव्हती.

छोटू : मी नाही गाणार मशीनवर.

दाजी : गाशील. नाहीतर ट्रकवाल्याचं कोण भागवणार, मी? माझ्याकडे दोन काठ्या आहेत फक्त.

छोटू : मशीनला काय कळतं, दाजी? आईच्या गाण्यात, शेवटच्या कडव्याआधी...

दाजी : तुझा श्वास अडकतो. त्या गेल्या तेव्हापासून अडकतो. मी थांबतो तेवढं.

छोटू : मशीन नाही थांबणार.

दाजी : अरे, मशीनमध्ये मीच आहे. गेला आठवडाभर हिनं मला स्टुडिओत बसवलं होतं. सगळी गाणी वाजवून ठेवलीत. तिथे थांबूनच वाजवलंय.

छोटू : नेहमीइतकं?

दाजी : नेहमीपेक्षा जरा जास्तच. म्हटलं, असू दे.

ताई : त्याचे पैसे घे म्हटलं, तर म्हणतो, करार कुठाय?

दाजी : मग! नियम म्हणजे नियम.

छोटू : आणि एखाद्या दिवशी त्याहून जास्त अडकलो तर?

दाजी : नाही अडकणार.

छोटू : पण अडकलोच तर, दाजी?

दाजी : तर मिळेल तिथून पकड आणि गा, छोटू. फक्त मागे वळून बघू नकोस.