लग्नघरचं बावर्साक

कझाकस्तानातल्या शिमकेंतच्या दवाखान्यात ओरिंशा वजन कमी करायच्या ऑपरेशनची तारीख घ्यायला आली होती. बाकावर शेजारी बसलेल्या एका सासूबाईंनी आपल्या सुनेसमोर, रायहानसमोर, रुमालाची गाठ सोडली, तसा बावर्साकांचा, पिठाच्या तळलेल्या गोळ्यांचा, वास बाकभर पसरला. ओरिंशाचा हात आपसूक पर्समधल्या चॉकलेटकडे गेला.

"घे गं रायहान, एकच. लग्नघरातून बांधून दिलेलं आहे. त्याला नाही म्हणू नये."

"आपा, मला भूक नाही."

"मघापासून रुमालाकडे बघतेयस की."

"बघतेय. खावंसंही वाटतंय. पण भूक नाही."

"खावंसं वाटतं तीच भूक."

"मीही तेच समजायचे, म्हणून तर पोट कापून घ्यावं लागलं. आता मी स्वतःला विचारते, नुसतं उकडलेलं अंडं चालेल का? चाललं तर भूक. बावर्साकच हवं असेल, तर ते जिभेचे चोचले."

"मग आत्ता अंडं चालेल?"

"नाही."

"अगं, आशीर्वादाचं अन्न आहे."

"मग कपाळाला लावते. तोंडात घालणार नाही."

"राहू दे. मीच खाते. मला सपाटून भूक लागलीय."

"मग हे अंडं घ्या. माझ्या दुपारसाठी सोलून आणलंय."

सासूबाईंनी अंडं हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं.

"मीठसुद्धा नाही आणलंस."

"भुकेला मीठ लागत नाही, आपा."

ओरिंशाचा हात पर्समधून रिकामाच बाहेर आला.

"रायहान."

"काय?"

"रुमालाची गाठ तूच मार. माझ्याने मारवत नाही."